कच्ची खळ

"हे नाव काढायचं," मामा म्हणाले आणि त्यांनी छत्रीचं टोक माझ्या हातातल्या चौकटीवर टेकवलं.

चौकट अजून ओली होती. मी ती नुकतीच गच्चीवर धुऊन खाली आणली होती आणि दाराच्या उजेडात धरून अक्षरं नीट उघडलीत का ते बघत होतो. छत्रीचं टोक निमंत्रकांच्या यादीत शेवटून तिसऱ्या ओळीवर होतं. तिथं लिहिलं होतं, 'सौ. शेवंता दिनकर माने (मुलीची आत्या)'. ही माझी आई.

मामा माझ्याकडे बघत नव्हते. भाचा समोर उभा असताना त्याच्या आईचं नाव काढायला सांगायचं तर माणसानं बघावं तरी कुठं? ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यांच्या मागं त्यांचे चुलतभाऊ बाबूराव मोहिते पायरीवरच उभे होते.

"काढायचं म्हंजे?" माळवदेकाकांनी विचारलं. "यादी तुमच्याच घरनं आली. वहिनींच्या अक्षरातली."

"तिनं घातलं आसंल. मला दाखवलं न्हाई. काढा."

"आनंदरावानं पारावर शब्द दिलाय," बाबूराव मागून म्हणाले. "बहिणीचं नाव माझ्या घरच्या कुठल्या कागदावर येणार न्हाई म्हणून. सगळी भावकी साक्षीला हाय." हे त्यांनी अशा समाधानानं सांगितलं, की जणू शब्द त्यांनीच दिला होता आणि पाळण्याचा त्रास तेवढा मामांना होता.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल. तासगावात माळवदेकाकांचा स्क्रीन प्रिंटिंगचा छापखाना होता आणि मी तिथं सकाळी कॉलेज, दुपारी काम असा दोन वर्षं होतो; त्या दिवशी कॉलेजला सुट्टी, म्हणून सकाळपासूनच आलो होतो. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं. आमच्या घराण्यात बीएस्सीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळं जगात आपल्याला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही अशी माझी समजूत होती. काकांनी ती ओळखली होती. ते मला नावानं कधी हाक मारत नसत, 'बीएस्सी' म्हणत.

लग्नपत्रिका छापायची म्हणजे काका आधी ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईनं सगळा मजकूर हातानं लिहीत. अक्षर असं, की नवरा काळा की गोरा हे विसरून लोक पत्रिकेकडंच बघत बसावेत. मग लाकडी चौकटीवर ताणून बसवलेल्या बारीक जाळीला माळ्यावरच्या अंधारात इमल्शनचा हात द्यायचा. काका त्याला 'खळ' म्हणत. ही खळ मुळात दह्यासारखी पांढरी. त्यात बायक्रोमेटचं पाणी, काकांच्या भाषेत औषध, घातलं की पिवळीधमक व्हायची, आणि मग तिला ऊन सोसायचं नाही. जाळीवर ट्रेसिंग कागद ठेवून दोन मिनिटं उन्हात धरली, की जिथं ऊन लागलं तिथली खळ पक्की होऊन बसायची. पाण्यानंही हलायची नाही. काळ्या अक्षरांच्या सावलीत राहिलेली तेवढी कच्ची राहायची आणि पाणी मारल्यावर धुऊन जायची. अक्षरांच्या जागी जाळी उघडी. तिच्यातून शाई उतरायची. औषध घातलेली खळ दोन दिवसांत खराब होते, म्हणून लागेल तेवढीच वाटीत कालवायची.

माझी बोटं त्या दोन वर्षांत कायम पिवळी असत. आई म्हणायची, "हळद लागलीय का रे? लग्न ठरलं आसंल तर सांग तरी."

एकदा काकांना मी इमल्शन म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. म्हणजे त्यांनी विचारलं नव्हतं. "काका, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव असतात. तेल आणि पाणी घ्या. कितीही हलवलं तरी दोन घटकांत वेगळे होतात. पण एकाचे अगदी बारीक थेंब दुसऱ्यात पसरून तसेच तरंगत राहिले, तर त्याला इमल्शन म्हणायचं. आमच्या मराठी पुस्तकात पायस म्हणतात. दूध हे इमल्शन, लोणी हे इमल्शन, डॉक्टरांचं मलम, भिंतीचा रंग, द्राक्षबागेवर मारायचं औषध, आणि ही तुमची खळसुद्धा."

"आणि ते येगळे का न्हाई होत?"

"तिसरा पदार्थ असतो ना. इमल्सिफायर. साबणासारखा. त्याचं एक टोक तेलाला धरून, एक टोक पाण्याला. तो दोघांच्या मधे उभा राहतो."

काका छपाईच्या पट्टीवरची शाई पुसत होते. "मग त्याचं सोत्ताचं काय?"

"त्याचं काय?"

"न्हाई, दोघं एकमेकांचं तोंड बघत न्हाईत, आन ह्यो मधे उभा. दोन्ही बाजूंनी ओढ बसत आसंल त्याला."

मी म्हटलं, पुस्तकात तसं काही दिलेलं नाही. काका म्हणाले, "मग दुसरं पुस्तक बघ." मी मनात म्हटलं, सातवी नापास माणसाला याहून जास्त काय सांगणार.

आता आई आणि मामांचं भांडण. ते अकरा वर्षांचं होतं आणि त्याचं कारण होतं तांब्याचा एक बंब. आजी, म्हणजे त्या दोघांची आई, जाताना बंब कुणाला द्यायचा ते सांगून गेली, हे दोघांनाही मान्य होतं. अडचण एवढीच, की ती दोघांनाही वेगवेगळं गाठून 'तुलाच' म्हणून गेली होती. बाराव्याच्या दिवशी मामांनी बंब माजघरात नेऊन ठेवला. आई म्हणाली, "दादा, तुला पाणी तापवायला बंब कशाला पायजे? तुझी जीभ बुडवली तरी उकळंल." भरल्या घरात हे झालं. मामा पारावर गेले आणि शब्द देऊन आले.

त्यानंतर मामांचं सावळज आणि आमचं तासगाव यांच्यामधे एसटी तेवढी जात होती. मामा आठवडे बाजाराला आले की मला गाठून केळी घेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "घरी सांगू नको." मी घरी आलो की आई म्हणायची, "केळी गोड होती का? त्याला गुडघ्याचा तरास होता, लंगडत होता का? मला काय करायचंय म्हणा." सुंभ जळतो, पीळ जात नाही, इथं तर सुंभही धड जळत नव्हता.

आणि आता उज्ज्वलाचं, माझ्या मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं. आई दोन महिन्यांपासून पांढऱ्या दोऱ्याचा क्रोशाचा रुमाल विणत होती, रुखवतात मांडतात तसा, मधे दोन मोर आणि कडेनं वेल. विचारलं तर म्हणायची, शेजारच्या लिमयेबाईंनी सांगितलाय. लिमयेबाईंना मूलबाळ नव्हतं. कोपऱ्यात आईनं 'उ' विणला होता. रुमाल पुरा झाला तेव्हा तिनं तो ट्रंकेत तळाशी ठेवला आणि एकच वाक्य बोलली, "पत्रिकेत नाव आसंल तर जाईन. आत्याचं नाव न्हाई आन आत्या मांडवात, आसं लाजिरवाणं जगायचं न्हाई मला."

त्यामुळं मामीच्या अक्षरातल्या यादीत आईचं नाव दिसलं तेव्हा मी घरी काही बोललो नव्हतो. छापून हातात पडेल तेव्हाच दाखवू म्हटलं. हातात पडायच्या आत ही छत्री आली.

"बघतो," काका म्हणाले. "जाळी नवी करायची तर दिवस मोडंल. त्यापेक्षा नावावर खळीचा हात देतो. बुजून जाईल."

"बुजव. पण दिसाय नको," बाबूराव म्हणाले. "मी दुपारच्याला येतो. भावकीच्या पन्नास पत्रिका मीच घिऊन जाणार हाय."

मामांनी मान हलवली आणि दोघं पायऱ्या उतरले. मी चौकट भिंतीला टेकवली. माझं तोंड बघून काका म्हणाले, "बीएस्सी, जा, दोन च्या सांगून ये."

कोपऱ्यावरचा चहावाला चार पावलांवर होता, पण गर्दी होती. परत आलो तेव्हा मामा एकटेच छापखान्याच्या पायऱ्या उतरत होते. "छत्री विसरली हुती," ते म्हणाले, मी काही विचारलेलं नसताना. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, उचलला, आणि घाईघाईनं स्टँडकडे निघून गेले. ऊन रणरणत होतं तरी छत्री बगलेतच.

आत काकांनी स्टीलच्या वाटीत खळ काढून ठेवली होती, शेजारी बारीक ब्रश. "घे. तूच बुजव. तुझा हात बारीक चालतो."

"मी?"

"मग काय मी? मला चष्मा लावूनपण अनुस्वार दिसत न्हाई." ते उठले. "बुजवलंस की पंख्याखाली वाळव आन दोन मिनिटं उन्हात धर. ध्यानात हाय न्हवं? ऊन न्हाई लागलं तर कच्ची ऱ्हाती. पाणी लागलं की निघाली." आणि तपकीर आणायला म्हणून ते बाहेर पडले. तपकिरीची डबी मेजावरच होती.

मी ब्रश बुडवला. 'सौ.'पासून सुरू केलं. आपल्या आईच्या नावावर आपल्याच हातानं बोळा फिरवणं कसं असतं ते सांगत नाही. 'शेवंता'मधला 'शे' बुजवताना खळीचा थेंब अंगठ्यावर पडला. तेवढ्यात काकांचं वाक्य माझ्या डोक्यात पुन्हा वाजलं: ऊन नाही लागलं तर कच्ची राहते.

माझ्या अंगातून वीज गेली. बीएस्सी असण्याचा एवढा आनंद मला पुढं डिग्री मिळाली तेव्हाही झाला नाही. मी नाव झकास बुजवलं. पंख्याखाली खडखडीत वाळवलं. आणि उन्हात धरलंच नाही.

काका आले. "धरलीस उन्हात?"

"हो." मोठ्या माणसाशी मी बोललेलं ते पहिलं सराईत खोटं. काकांनी चौकट मेजावर बसवली, शाई ओतली आणि छपाई सुरू झाली. ते लाकडात बसवलेली रबरी पट्टी ओढायचे, मी पत्रिका उचलून वाळत लावायचो. नाव नव्हतं. जिथं आई असायला हवी तिथं दोन ओळींमधे थोडी जास्त जागा, एवढंच.

बाबूराव दुपारी आले. एक पत्रिका उचलून डोळ्यांजवळ नेली, नंतर लांब धरली. "ब्येस," म्हणाले. पन्नास मोजून घेतल्या, पिशवीत घातल्या आणि समाधानानं गेले. भावकीचा प्रश्न मिटला.

शाई बारीक अक्षरांत अडकायला लागली की जाळी पुसावी लागते. मेजाच्या कडेला दोन फडकी असत, एक रॉकेलचं आणि एक पाण्याचं. शाई रॉकेलनं पुसायची. पाण्याचं फडकं हात पुसायला. आतापर्यंत मी रॉकेलचंच वापरत होतो.

"पूस जरा," काका म्हणाले आणि पाठ करून शाई कालवायला लागले.

मी पाण्याचं फडकं घेतलं. काकांची पाठ अजून माझ्याकडेच होती. शेवटून तिसऱ्या ओळीवर एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, खालून बोटानं दाबलं. खळ विरघळली. 'सौ.' आलं. 'शेवंता' आलं. आईचं नाव पुरं उघडं झालं.

काका वळले. जाळीकडे बघितलं की नाही कुणास ठाऊक. पट्टी घेतली आणि ओढली. मी पत्रिका उचलली. नाव लख्ख आलं होतं. मी काकांच्या तोंडाकडे बघितलं. ते दुसरा कागद ठेवत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला खरंच दिसत नाही आता. उरलेल्या साडेचारशे पत्रिका आम्ही संध्याकाळपर्यंत ओढल्या. काका गुणगुणत होते.

घरी गेलो तेव्हा आईनं ताट वाढता वाढता माझा हात धरला. "दही कुठं खाल्लंस रे? अंगठ्याला लागलंय."

"कुठं नाही," मी म्हटलं आणि हात धुतला.

पुढचे चार दिवस मी नीट झोपलो नाही. नाव छापलं होतं, पण पत्रिका आमच्या घरी यायला हवी ना. छापलेल्या पत्रिका मामा बघणार, नाव दिसणार, भडकणार, काकांकडे येणार. चोराच्या मनात चांदणं. मामा आले नाहीत. पत्रिकाही आली नाही. दाराशी रिक्षा थांबली की आईचा कामातला हात थांबायचा.

पाचव्या दिवशी मामी आली. हातात कुंकवाचा करंडा, अक्षता, आणि मळवटासारखं लांबलचक हळदीचं बोट ओढलेली पत्रिका. अकरा वर्षांनी मामी आमच्या उंबऱ्यात उभी होती. आईनं तिला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. पत्रिका घेतली. तिला वाचायला वेळ लागायचा, बोट ठेवून वाचायची. गणपतीपासून सुरुवात केली. मुलगा, मुलगी, मुहूर्त, स्थळ. मग यादी. बोट एकेक ओळ उतरत होतं आणि मी खांबाला टेकून उभा होतो. शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"हे कुणी घातलं?"

"मी घातलं हुतं," मामी म्हणाली. "ह्यांनी काढाय सांगितलं. छापखान्यात चूक झाली आन ऱ्हायलं. आता काय साडेचारशे पत्रिका फाडायच्या का, आसं म्हणत हुते. वाटा म्हणाले."

"चूक झाली," आई म्हणाली.

"व्हय. चुकून आलंय."

आईनं पत्रिका पुन्हा वाचली, फक्त ती ओळ. बोट 'शेवंता'वरून सावकाश नेलं. मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "चुकून आलंय, पण सुवाच्य आलंय." आणि मामीला बसायला पाट दिला. चहा झाला. चहानंतर दोघी नणंद-भावजया अशा रडल्या, की लिमयेबाई भिंतीपलीकडून विचारायला आल्या.

आई लग्नाला गेली. क्रोशाचा रुमाल रुखवतात मधोमध मांडला होता. मांडवाच्या दाराशी मामा पाहुण्यांना गंध लावत उभे होते. आई समोर आली तेव्हा त्यांची बोटं वाटीतच राहिली.

"छापखान्याची चूक हाय म्हणं," आई म्हणाली. "चूक आसंल तर जाती माघारी."

"आलीस तर आता थांब," मामा म्हणाले. "येवढ्या उन्हाचं कुठं जातीस."

एवढंच. बाबूराव शेजारीच होते. त्यांनी पिशवीतली आपली पत्रिका काढली, दुसऱ्याची घेतली, दोन्ही शेजारी धरल्या आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "माळवद्याला दिसत न्हाई आता. काय छापतो त्याचं त्यालाच कळत न्हाई." सगळे हसले. भावकी हसली म्हणजे शब्द मोडला नाही असं ठरलं.

संध्याकाळी आई मामांच्या माजघरात गेली आणि थोड्या वेळानं हसत बाहेर आली. बंबाच्या बुडाला रुपयाएवढं भोक पडलं होतं. मामीनं त्यात कांदे भरून ठेवले होते. अकरा वर्षं.

मी हे गुपित पंचवीस वर्षं बाळगलं. पुढं मी तासगावातच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागलो. दरवर्षी इमल्शनचा धडा आला, की तेल आणि पाणी, आणि मधे उभा राहणारा तिसरा, हे सांगताना माझी छाती थोडी फुगायची. तो तिसरा कोण ते मला माहीत होतं ना. काकांविषयी मला दया यायची. गावात कुणाची पत्रिका निघाली की कुणीतरी म्हणायचंच, "माळवद्याकडं देऊ नका, नको त्याचं नाव घालतो." काही गिऱ्हाइकं तुटली. काका एकच म्हणायचे, "झाली चूक." माझ्यामुळं बोल लागला म्हणून दिवाळीला मी त्यांना फराळ नेऊन द्यायचो आणि आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटून घ्यायचो.

मागच्या वर्षी आई गेली. वर्षश्राद्धाला मामा आले, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच पडवीत बसलो होतो. आता आई नाही, तर सांगून टाकावं, असं मला वाटलं.

"मामा, उज्ज्वलाच्या पत्रिकेत आईचं नाव चुकून आलं नव्हतं. मी आणलं होतं." आणि सगळं सांगितलं, ऊन, पाण्याचं फडकं, सगळं. मामा रागावतील किंवा रडतील असं वाटलं होतं. ते ऐकत राहिले आणि शेवटी त्यांचं पोट हलायला लागलं. हसत होते.

"म्हंजे तू उन्हात धरलंच न्हाईस?"

"नाही."

"धरलं आसतंस तरी काय झालं आसतं? वाटीतली खळ कुठल्या रंगाची हुती?"

मी म्हणणार होतो, पिवळी. मग अंगठ्यावरचा थेंब आठवला. आईचा आवाज आला, दही कुठं खाल्लंस रे. दोन वर्षांत तिनं एकदाच दही म्हटलं होतं, एरवी हळद. वाटीत औषध घातलेलंच नव्हतं. ती खळ आठ दिवस उन्हात ठेवली असती तरी कच्चीच राहिली असती. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, वीस वर्षं मुलांना शिकवणारा, आणि पांढरं की पिवळं एवढं मला दिसलं नव्हतं.

"छत्री मी विसरलो न्हवतो," मामा म्हणाले. आता ते हसत नव्हते. "बाबूरावाला स्टँडवर बशिवलं आन माघारी आलो. माळवद्याला म्हटलं, मालक, मी बोलून बसलोय. मला गिळता येईना आन थुंकता येईना. शेवंता आली न्हाई तर पोरीवर अक्षता कशा टाकू मी? कायतरी कर, पण माझ्या शब्दाला धक्का लागाय नको. साप मरंल आन काठी मोडणार न्हाई आसं कर. त्यो म्हणाला, मग चूक माझ्या नावावर घाला."

"आणि पाणी कोण लावणार होतं?"

"त्यो म्हणाला, पोराच्या आईचं नाव हाय. वाटी पोराच्या हातात देतो. पोरगं आपण हून करतंय का बघतो. न्हाई केलं, तर मी हायेच."

मी तसाच उठलो आणि काकांकडे गेलो. छापखाना बंद झाला होता. पुढं मुलगा फ्लेक्सचे बोर्ड करत होता. काका मागच्या खोलीत खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "या बीएस्सी."

"काका, त्या दिवशी वाटीतली खळ पांढरी होती."

"कुठल्या दिवशी?"

"उज्ज्वलाच्या पत्रिकेच्या."

"ऱ्हायलं आसंल औषध टाकायचं. वय झालं हुतं."

"तुम्ही तेव्हा पन्नास वर्षांचे होता."

"मग लवकर झालं." त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. "आलाच हायस तर माळ्यावर चढ. खिडकीच्या बाजूला एक चौकट हाय, वर्तमानपत्रात बांधलेली. काढ."

जाळी महाग असते. काम झालं की खळ खरवडून तीच जाळी दुसऱ्या कामाला घ्यायची, हा त्या धंद्याचा रिवाज. काकांच्या हातून गेलेल्या हजारो पत्रिकांतली एकही चौकट राहिलेली नव्हती. ही एक होती. मी ती खाली आणली, कागद सोडला आणि दारात धरली. शाईनं काळवंडली होती, पण अक्षरं उघडी होती. शेवटून तिसऱ्या ओळीतून ऊन आत आलं आणि माझ्या सदऱ्यावर पडलं. सौ. शेवंता दिनकर माने. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. रडलो ते आईसाठी, आणि पंचवीस वर्षं ज्यांच्यावर दया केली त्यांच्यासाठी.

काका म्हणाले, "नीट बघ, कुठं अक्षर बुजलंय का."

"नाही. ही का ठेवलीत काका?"

"खरवडायची ऱ्हाऊन गेली," काका म्हणाले. "झाली चूक."